शिंपल्यावर जाऊ नका, बॉस!

ऑयस्टरचं खरं नाव त्याच्या कवचावर लिहिलेलं नसतं, ते असतं त्याच्या डीएनएमध्ये. हे नाव वाचायची युक्ती शास्त्रज्ञांना सापडली आणि हातातून निसटत चाललेली एक अख्खी जात वेळेवर लक्षात आली. ती युक्ती म्हणजे जेनेटिक मार्कर. नाव जड असलं तरी फंडा एकदम सोप्पा आहे!

सिअ‍ॅटल, सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क... तुमच्या ग्रुपमधलं कुणी ना कुणी ऑनसाइटला तिकडे जाऊन आलेलं असणारच. तिथल्या ऑयस्टर बारचे फोटोही तुम्ही पाहिले असतील. बर्फाने भरलेली थाळी, त्यावर गोलात मांडलेली अर्धी उघडी कच्ची ऑयस्टर, बाजूला लिंबाची फोड. मेन्यूकार्डावर वाइनसारखीच ऐटबाज नावं आणि दर नगावर. या यादीत एक नाव हमखास भेटतं, ते म्हणजे कुमामोटो. लाडाने 'कुमो'. आकाराने छोटं, वाटी खोल, चव गोडसर आणि लोण्यासारखी मऊ. पहिल्यांदाच कच्चं ऑयस्टर खाणाऱ्या घाबरट माणसाला जाणकार मंडळी हेच मागवायला सांगतात.

आता एक भोचक प्रश्न. ताटात आलेलं कुमो खरंच कुमो आहे, हे कशावरून?

वेटर सांगतो म्हणून? त्याला डीलरने सांगितलं. डीलरला शेतकऱ्याने आणि शेतकऱ्याला बी विकणाऱ्या हॅचरीने. आंब्याच्या पेटीवर 'देवगड' छापलेलं असतं म्हणून आतला प्रत्येक आंबा देवगडचाच असतो, यावर आपला जितका विश्वास, तितकाच इथेही ठेवायचा. फरक एवढाच की आंब्याच्या बाबतीत निदान वास घेऊन, साल बघून अंदाज तरी बांधता येतो. ऑयस्टरच्या बाबतीत तीही सोय नाही.

ही आपलीच कालवं!

आधी थोडी ओळख करून घेऊ. ऑयस्टर म्हणजे कुणी परदेशी पाहुणा नव्हे. कोकणात ज्याला आपण कालवं म्हणतो, तेच हे खानदान. ओहोटीला पाणी मागे गेलं की खडपांवर बसून बायका लोखंडी हत्याराने ज्याचं कवच फोडतात आणि आतला मऊ गर डब्यात गोळा करतात, ते. कालवाचं कालवण ज्याने एकदा खाल्लंय, त्याला ऑयस्टर बारचं कौतुक जरा कमीच वाटणार!

आणखी एक गैरसमज आत्ताच दूर करू. दागिन्यातला मोती या कालवांमध्ये मिळत नाही. मोती देणारी पिंक्टाडा नावाची शिंपली वेगळ्या कुळातली आहे. इंग्रजीत तिलाही ऑयस्टरच म्हणतात, त्यामुळे सगळा घोळ.

आता मुख्य घोळाकडे येऊ. कालव लहान असताना पाण्यात तरंगत फिरतं. दोन-तीन आठवड्यांनी एखादी कडक जागा बघतं आणि तिथे कायमचं चिकटतं. मग जशी जागा मिळेल, तसं त्याचं घर. दगडावर भरपूर जागा मिळाली तर कवच पसरट. मऊ चिखलात अर्धं रुतलेलं असलं तर लांबुळकं. शेजाऱ्यांच्या दाटीत सापडलं तर वेडंवाकडं. पुण्यातला बंगला आणि मुंबईतला वन रूम किचन यांत एकाच घरातले दोन भाऊ राहू शकतात ना, तसंच. म्हणजे एकाच जातीची दोन कालवं दिसायला अगदी वेगळी आणि दोन वेगळ्या जातींची कालवं मात्र जुळी वाटतील अशी. अळीच्या अवस्थेत तर सगळीच सारखी आणि ती बघायलाही मायक्रोस्कोप लागतो.

तरीही शे-दोनशे वर्षं शास्त्रज्ञ या कवचांकडे बघूनच नावं ठेवत आले. त्यातून काय गमती झाल्या, त्याचं एकच उदाहरण देते. हाँगकाँग आणि पर्ल नदीच्या मुखाशी लोक शेकडो वर्षं एका ऑयस्टरची शेती करत होते, विकत होते, खात होते. पण ही स्वतंत्र जात आहे, हे कळून तिला शास्त्रीय नाव मिळालं ते थेट २००३ साली! कॅथरीन लॅम आणि ब्रायन मॉर्टन या शास्त्रज्ञांनी डीएनएचा आधार घेऊन तिचं बारसं केलं, क्रासोस्ट्रिया हाँगकाँगेन्सिस. पिढ्यान्‌पिढ्या ताटात असलेल्या गोष्टीचं नावच आपल्याला ठाऊक नव्हतं, बोला!

कुमोचा पासपोर्ट

कुमामोटो मूळचं जपानचं. क्यूशू बेटावरच्या आरिआके समुद्राच्या भागातलं. अमेमिया या जपानी शास्त्रज्ञाने १९२८ मध्ये त्याची नोंद केली, पण वेगळी जात म्हणून नव्हे, तर पॅसिफिक ऑयस्टरचाच एक प्रकार म्हणून. पॅसिफिक ऑयस्टर म्हणजे क्रासोस्ट्रिया गिगास. भराभर वाढणारं, दणकट, आज जगभर शेती होणारं. म्हणजे बिचाऱ्या कुमोची ओळख सुरुवातीपासूनच 'मोठ्या भावाचा धाकटा' अशी.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे शेतकरी ऑयस्टरचं बी जपानमधून मागवायचे. दुसऱ्या महायुद्धात ते बंद पडलं. युद्ध संपल्यावर व्यवहार पुन्हा सुरू झाला, तेव्हा १९४७ च्या सुमारास कुमामोटोहूनही बी यायला लागलं. जपानमध्ये मोठ्या ऑयस्टरला मागणी, त्यामुळे या छोट्याला तिथे फारसा भाव नव्हता. अमेरिकेत मात्र ते कच्चं खाणाऱ्यांचं लाडकं झालं. पुढे जपानमधून येणारं बी आटलं आणि अमेरिकेतल्या हॅचऱ्या आपल्याकडच्याच साठ्यातून पुढची पिढी तयार करायला लागल्या.

अडचण इथेच होती. हॅचरीत पॅसिफिकही असतं, कुमोही असतं. दोघांचा संकर होऊ शकतो. समजा, अशी संकरित पिल्लं साठ्यात शिरली, तर ती ओळखणार कशी? कवच तर काही सांगत नाही. शिवाय कुमो हळू वाढतं आणि पॅसिफिक भराभर. म्हणजे शेतकऱ्याने 'वा, हे चांगलं वाढलंय' म्हणून पुढच्या पिढीसाठी आई-बाप निवडले, तर नकळत संकरितच निवडले जाण्याची भीती. दर पिढीला कुमो थोडं कमी कुमो होणार आणि कुणाला पत्ताही लागणार नाही. पाटी तीच, माल वेगळा.

कॅलिफोर्नियातल्या बोडेगा मरीन लॅबोरेटरीत डेनिस हेजकॉक, मायकेल बँक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका याचाच छडा लावायचं ठरवलं. १९९३ मध्ये त्यांनी पॅसिफिक आणि कुमो यांना वेगळं ओळखणारा डीएनए मार्कर प्रसिद्ध केला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्यापारी साठ्यांची तपासणीही प्रसिद्ध झाली. भीती खरी निघाली, साठ्यांमध्ये पॅसिफिकबरोबरचे संकर मिसळलेले होते. १९९४ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. दोन्ही जातींचा संकर एकाच दिशेने जमतो. आई या जातीची आणि बाप त्या जातीचा असेल तर फलन होतं, उलट केलं तर नाही. म्हणजे कुमो हा कुणाचा धाकटा भाऊ नव्हता. ती स्वतंत्र जात होती आणि आपल्याच शेतात हळूहळू विरघळत होती.

मग पुढचा, जास्त धडकी भरवणारा प्रश्न. जपानमध्ये तरी अस्सल कुमो शिल्लक आहे का? कारण तिथेही ते दिसेनासं झाल्याची चर्चा होती. पुन्हा मार्कर कामाला आले. आरिआके समुद्रातली ऑयस्टर तपासली गेली आणि १९९९ मध्ये नक्की झालं की कुमो तिथे आहे. २००८ मध्ये अमेरिकी आणि जपानी शास्त्रज्ञांच्या एका गटाने आणखी मोठा दिलासा दिला. आरिआकेच्या उत्तर भागात कुमो दुर्मीळही नाही आणि संकरामुळे धोक्यातही नाही. ते तिथेच होतं, इतर ऑयस्टरच्या गर्दीत. फक्त डोळ्यांना ओळखू येत नव्हतं.

मार्कर बनतो कसा?

सोप्या भाषेत सांगायचं तर मार्कर म्हणजे डीएनएच्या लांबलचक मजकुरातली एक अशी जागा, जिथे दोन जातींचं किंवा दोन जिवांचं 'स्पेलिंग' वेगळं असतं. ती जागा शोधायची आणि दरवेळी तेवढीच वाचायची. अख्खं पुस्तक वाचायची गरज नाही.

सुरुवात होते ऑयस्टरच्या शरीराच्या एका चिमुकल्या तुकड्यापासून. तो अल्कोहोलमध्ये टिकवायचा आणि त्यातून डीएनए वेगळा करायचा. इथेच पहिली कटकट. शिंपल्यातले प्राणी बुळबुळीत! त्यांच्या अंगातला चिकट पदार्थ डीएनएबरोबर येतो आणि पुढची रिअ‍ॅक्शन बिघडवतो. तो साफ करण्यातच बराच घाम गाळावा लागतो.

मग पीसीआर. कोविडमुळे हे नाव आता घराघरात माहीत झालंय. प्रायमर नावाचे डीएनएचे दोन छोटे तुकडे हव्या त्या जागेच्या दोन टोकांना जाऊन बसतात आणि मधला भाग दुप्पट, चौपट, आठपट होत जातो. असं तीस वेळा झालं की कागदावरच्या हिशेबाने एका प्रतीच्या १०७ कोटी प्रती. १९९३ चा मार्कर वापरताना याच प्रतींवर विशिष्ट एन्झाइमची कात्री चालवायची. एका जातीत कात्री जिथे चालते, तिथे दुसरीत चालत नाही. कापलेले तुकडे जेलमध्ये टाकून वीज सोडली की दादरच्या पुलावरच्या गर्दीतून बारीक माणूस सुळकन पुढे निघावा, तसे छोटे तुकडे पुढे पळतात आणि मोठे मागे रखडतात. पट्ट्यांची नक्षी बघायची आणि सांगायचं, हा कुमो, हा पॅसिफिक.

पण हा मार्कर मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरचा. ऑयस्टरमध्ये तो फक्त आईकडून येतो. म्हणजे तो आईचं नाव सांगेल, बापाचं नाही. संकर पकडायचा तर पेशीच्या केंद्रकातले मार्करही लागतात, कारण तिथे आई-बाप दोघांचीही सही असते. म्हणून एका मार्करवर भागत नाही, संच लागतो.

पुढचा टप्पा मायक्रोसॅटेलाइटचा. डीएनएमध्ये काही ठिकाणी दोन-तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात, एखादी रेकॉर्ड अडकल्यासारखी. ती किती वेळा आली, हे प्रत्येकाचं वेगळं. माणसांमध्ये पितृत्वाची चाचणी याच तत्त्वावर होते. ऑयस्टरमध्येही हे मस्त चालेल असं वाटलं होतं, पण ऑयस्टरने तिथेही गुगली टाकली. त्याच्या डीएनएमध्ये इतकी प्रचंड विविधता असते की प्रायमरला जिथे बसायचं, ती जागाच अनेकदा बदललेली असते. प्रायमर बसला नाही की ती प्रत तयारच होत नाही. मग दोन वेगळ्या प्रती असलेलं ऑयस्टर एकच प्रत असल्यासारखं दिसतं आणि सख्ख्या बापाची मुलं परकी ठरतात! या गैरहजर प्रतीला 'नल अलील' म्हणतात. पॅसिफिक ऑयस्टरमध्ये त्या सर्रास आढळतात आणि एका जातीसाठी बनवलेले असे मार्कर दुसऱ्या जातीत बहुधा चालत नाहीत, हे हेजकॉक यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवून दिलं.

म्हणून नवा मार्कर मिळाला की लगेच टाळ्या वाजवायच्या नाहीत. आधी ज्यांचे आई-बाप पक्के माहीत आहेत, अशा कुटुंबांवर तो तपासायचा. आईचं अर्धं, बापाचं अर्धं हा हिशेब जुळला, तरच तो कामाचा. ऑफिसमध्ये कोड लिहिणाऱ्यांना हे पटेल. कोड लिहायला एक दिवस, टेस्टिंगला आठवडा!

२०१२ मध्ये पॅसिफिक ऑयस्टरचा पूर्ण जिनोम 'नेचर' या पत्रिकेत प्रसिद्ध झाला आणि हे काम बरंच सोपं झालं. हा प्रकल्प चीनच्या पुढाकाराने झाला. त्यात २८ हजारांच्या आसपास जीन सापडले. गंमत म्हणजे, विविधतेचा त्रास कमी व्हावा म्हणून त्यासाठी चार पिढ्या सख्ख्या भावंडांमध्ये प्रजनन करून तयार केलेलं ऑयस्टर घ्यावं लागलं होतं. आता एसएनपी म्हणजे एकेका अक्षराचा फरक तपासणाऱ्या चिप आल्या आहेत. पॅसिफिक आणि युरोपियन ऑयस्टरसाठी मिळून अशी एक चिप २०१७ मध्ये तयार झाली.

चौकट : पार्टीत भाव खायला...

* फ्रान्समध्ये १८६८ पासून पसरलेलं 'पोर्तुगीज ऑयस्टर' मुळात युरोपचं नाहीच. १९९८ मध्ये मार्करनी त्याचे जवळचे नातेवाईक दाखवले ते तैवानमध्ये. ज्या पोर्तुगीज जहाजांशी गोव्याचा इतिहास जोडलेला आहे, तशाच जहाजांच्या तळाला चिकटून ते युरोपला गेलं असावं, असा अंदाज आहे.

* मसल ही शिंपल्यांमधलीच आणखी एक मंडळी. त्यातल्या मायटिलस गटाच्या तीन जाती ओळखायला १९९५ मध्ये आलेला मार्कर भन्नाट आहे. दगडाला चिकटण्यासाठी मसल जो डिंक बनवते, त्या डिंकाच्या जीनची लांबी मोजायची. १८०, १६८ की १२६ अक्षरं, यावर जात ठरते.

* याच मसलमध्ये नरांना बापाकडूनही मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मिळतो. 'तो फक्त आईकडून येतो' हा शाळेतला नियम इथे चक्क मोडलाय.

आपल्या खडपांचं काय?

आता कुणी म्हणेल, अमेरिकेत श्रीमंत लोक कुठलं ऑयस्टर खातात, याच्याशी आपलं काय देणंघेणं? आहे ना!

आपल्या किनाऱ्यांवर खाल्ल्या जाणाऱ्या कालवांची ठळक नावं तीन. क्रासोस्ट्रिया मद्रासेन्सिस, क्रासोस्ट्रिया ग्रायफॉइड्स आणि खडपावरचं सॅकोस्ट्रिया कुकुलाटा. यातल्या तिसऱ्या नावाची गंमत ऐका. लॅम आणि मॉर्टन यांनीच २००६ मध्ये हिंदी महासागर ते पॅसिफिक या पट्ट्यातल्या खडपी कालवांचा डीएनए तपासला, तर एकाच नावाखाली अनेक वेगळी घराणी नांदत असल्याचं दिसलं. हाँगकाँगची गोष्ट आठवतेय ना? आपल्याकडेही जे 'एक' म्हणून मोजलं जातं, ते एकच असेल असं समजून चालणं धोक्याचं आहे.

आणि हा फक्त नावाचा प्रश्न नाही. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने १९७० च्या दशकात तुतिकोरिनला कालवशेतीचे प्रयोग केले, पुढे केरळच्या बॅकवॉटरमध्ये ती शेती रुजली. दोरीला रिकामे शिंपले ओवायचे, खाडीत लटकवायचे आणि पाण्यातून आलेली पिल्लं त्यावर बसायची वाट बघायची. आता कल्पना करा, हवं होतं भराभर वाढणारं मोठं कालव आणि दोरीवर येऊन बसलं दुसरंच, छोटं राहणारं. पिल्लं डोळ्यांनी ओळखू येत नाहीत, म्हणजे चूक कळणार कित्येक महिन्यांनी. तोवर दोरीचे, मजुरीचे पैसे आणि अख्खा हंगाम गेला. ज्याच्या घरात महिन्याला पगार जमा होत नाही, त्याला एक हंगाम जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

जंगली साठ्याचंही तसंच. खाडी बुजली, पाणी घाण झालं, एका ठिकाणची कालवं संपली. 'ठीक आहे, शेजारच्या खाडीत आहेत की!' असं आपण म्हणणार. पण ती वेगळी जात असली तर? मग जी संपली, ती संपलीच. तिला नाव नव्हतं, म्हणून तिच्या जाण्याची नोंदही नाही.

परदेशातले तयार मार्कर आणून इथे काम होईल का? बारकोडसारखे काही सर्वसाधारण मार्कर चालतात. त्यांनी जात ओळखता येते. पण कुठल्या खाडीतली कालवं कुठल्या खाडीशी नातं सांगतात, हॅचरीत किती आई-बापांनी खरोखर पिल्लं दिली, हे कळायचं तर आपल्या कालवांसाठी आपलेच मार्कर लागतात. आणि त्यासाठी कुणीतरी खाडीत उतरून, चिखलात पाय रुतवून नमुने गोळा करावे लागतात. हे काम ग्लॅमरस नाही. कुमोच्या बाबतीत पहिल्या मार्करपासून 'सगळं ठीक आहे' असं म्हणेपर्यंत पंधरा वर्षं गेली होती.

तोवर आपण काय करायचं? पुढच्या वेळी कोकणात गेलात आणि कुणी कालवं विकताना दिसलं, तर भाव करण्याआधी एवढंच विचारा, "मावशी, ही कुठल्या खाडीतली?" रोज खडपावर बसणाऱ्या त्या बाईला कुठली कालवं कुठे मिळतात, कुठली मोठी होतात, कुठली हल्ली दिसेनाशी झालीत, हे चांगलं माहीत असतं. लॅबला नमुने कुठून घ्यायचे, हे तिच्याइतकं अचूक दुसरं कोण सांगणार? जेलवरच्या पट्ट्या नंतर वाचता येतील. पण त्या वाचायला कालवं तर शिल्लक हवीत ना!